फौंडेशनवरचे तीन आकडे

आमची मारुती ८०० यंदा तीस वर्षांची होईल. १९९६चं मॉडेल, पांढरी, अब्बांनी सेकंडहँड घेतलेली. मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, फी भरायची आणि पुढच्या पाच वर्षांचा शिक्का आणायचा. २०२१ मध्ये आम्ही गेलो तेव्हा फी सहाशे रुपये होती. पुढच्या वर्षी एप्रिलपासून ती पाच हजार झाली, आणि २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. वर पर्यावरण कर वेगळा. मी सांगलीत नोकरीला असतो, गाडी कुंडलला अब्बांच्या दारात. महिन्यातून चार वेळा निघाली तर निघाली. म्हणून डिसेंबरात मी त्यांना म्हणालो, की या वेळी शिक्का नको, भंगारात देऊन टाकू.

अब्बा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनीच फोन केला. "इतवारकू पुरानी गाड्या जमनेवाली हैं. अपनी बी लेके जाएंगे."

कुंडल म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुस्तीचं मैदान आठवतं, थोडं वय झालेल्याला प्रतिसरकार आठवतं, जैन बांधवांना डोंगरावरचे पार्श्वनाथ आठवतात. जुन्या गाड्यांसाठी कुणी कुंडलला येईल असं मला तरी वाटलं नव्हतं. पण आसपासच्या गावांतली पंचवीस-तीस वर्षांची पोरं मोबाइलवरच्या एका ग्रुपवर आहेत. कुणी पलूसचा, कुणी विट्याचा, कुणी कराडचा. कुणाकडे आजोबांची जीप, कुणाकडे वडिलांची ८००. त्यांनी ठरवलं, एका रविवारी सकाळी सगळ्यांनी गाड्या घेऊन यायचं, चहा-मिसळ खायची आणि बारा वाजता घरी जायचं. पावती नाही, स्टेज नाही, पाहुणा नाही. जागा म्हणजे एका मंगल कार्यालयासमोरचं पटांगण. त्या दिवशी लग्नाची तारीख नव्हती, म्हणून मालकानं गेट उघडून दिलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा वीस-बावीस गाड्या लागल्या होत्या. बाहेरच्या रस्त्यावरून कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या आणि ट्रॅक्टरवाले मान वळवून वळवून आत बघत होते. एका बाजूला सगळ्या ठेंगण्या गाड्या, चार-पाच ८००, दोन ओम्नी, एक पहिल्या घडणीची चौकोनी ८००. समोरच्या बाजूला जीपा, एक अॅम्बेसेडर, एक जिप्सी. मधून लोक फिरत होते. कुस्तीच्या मैदानात हलक्या वजनाचे एकीकडे आणि भारी वजनाचे दुसरीकडे बसावेत, तसं दिसत होतं.

त्या ठेंगण्या गाड्यांचा वंश जपानचा. युद्धानंतर जपानात लोकांकडे पैसा नव्हता, गल्ल्या अरुंद होत्या. तिथल्या सरकारनं लहान मोटारींचा एक वेगळा वर्गच केला. गाडी एवढ्याच लांबीची, इंजिन एवढंच लहान, आणि त्या बदल्यात कर कमी. त्यांच्या भाषेत त्या वर्गाला 'केई' म्हणतात, म्हणजे हलकी. इंजिनाची मर्यादा आधी ३६० सीसी होती, १९७६ मध्ये ५५० झाली, १९९० मध्ये ६६०. सुझुकी या वर्गातच मोठी झाली. आपली ८०० त्यांच्या याच घरातली. परदेशात विकायची म्हणून तिला जरा मोठं, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन दिलेलं. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. तेव्हा किंमत साडेसत्तेचाळीस हजार होती. जानेवारी २०१४ मध्ये शेवटची गाडी निघेपर्यंत ती भारतात पंचवीस लाखांहून जास्त विकली गेली.

अब्बा सांगतात, पहिली ८०० त्यांच्या गॅरेजात आली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं आणि परत लावलं. अॅम्बेसेडर, फियाट, जीप, सगळ्यांची ताकद मागच्या चाकांना. हिची पुढच्या. इंजिन आडवं. हात घालायला जागा नाही. "खेळण्यातली मोटार हाय, चालणार न्हाय," असं त्यांनी मालकाला सांगितलं होतं. नंतर तिच्यावरच त्यांनी आमची शिक्षणं केली.

समोरच्या बाजूच्या जीपा हा वेगळा प्रकार. अमेरिकेत अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायच्या, मडगार्ड काढून टाकायचे, मोठं इंजिन बसवायचं आणि कोरड्या तलावांच्या सपाट तळावर नेऊन पळवायच्या. युद्धावरून परत आलेल्या सैनिकांना इंजिनाची कामं येत होती, त्यांनी हा नाद आणखी वाढवला. १९४८ पासून तर त्याच नावाचं मासिक निघालं. आपल्याकडेही इंजिनं बदलली गेली, पण कारण अगदी उलट. तिकडे गाडी जोरात पळावी म्हणून इंजिन बदललं, इकडे गाडी स्वस्तात चालावी म्हणून. पेट्रोलची जीप शेतकऱ्याला परवडत नव्हती. डिझेल खूप स्वस्त होतं. मग तिच्यातलं पेट्रोल इंजिन काढायचं आणि मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायचं. अब्बांनी १९८० ते १९९५ या काळात ही कामं किती केली याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नाही.

हे काम सांगायला सोपं आहे. इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा. दोघांची भोकं जुळत नाहीत. मधे लोखंडाची जाड तबकडी लेथवर कातून बसवायची. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एक पाटा वाढवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फौंडेशन. ज्या पट्टीवर आणि रबरावर इंजिन बसतं, त्याला गॅरेजात फौंडेशन म्हणतात. ते तयार मिळत नसे. मिस्त्रीनंच पट्टी वाकवून, भोकं पाडून, चासीला वेल्डिंग करून बसवायचं. डिझेल इंजिन थरथरतं, रस्ते खड्ड्यांचे, आणि तो सगळा मार त्या दोन पट्ट्यांवर.

पोरांमध्ये साहजिकच देवराष्ट्र्याच्या जीपची चर्चा चालली होती. सागरेश्वरच्या डोंगरापलीकडचं हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौशीसाठी भंगारातून छोटी जीप बनवली. मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी, साठेक हजारांत झालेली. तिचा व्हिडिओ २०२१च्या डिसेंबरात देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी लिहिलं, की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, तिच्या बदल्यात मी नवी बोलेरो देतो. पुढच्याच महिन्यात लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि ती छोटी जीप कंपनीकडे गेली. पोरं म्हणत होती, नशीब काढलं. अब्बा म्हणाले, "नशीब कशाचं? हात हाय त्येचा." नियमांचं मात्र खरं आहे. कंपनीनं केलेल्या मूळ रचनेत फरक करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. त्यामुळे रुंद टायर लावलेले दोघंतिघं जण गेटकडे एक डोळा ठेवूनच मिसळ खात होते.

एका जीपचं बॉनेट उघडं होतं. फौजी हिरवा रंग नवा मारलेला, पुढे 'महिंद्रा' अशी अक्षरं. अब्बा तिथं थांबले. मालक पंचविशीतला, अंगानं दणकट, बोलायला गोड.

"कुठनं आलाय?" अब्बांनी विचारलं.

"ईश्वरपूर."

"इस्लामपुरात कुठं?"

त्यानं गल्ली सांगितली. गावाचं नाव नुकतंच बदललं आहे. दोघांपैकी कुणी दुसऱ्याला दुरुस्त केलं नाही.

अब्बा वाकले. माझ्या मोबाइलची बॅटरी त्यांनी उजव्या बाजूला धरायला लावली आणि बराच वेळ आत बघत राहिले. पोराला वाटलं, म्हाताऱ्याला इंजिनात रस आहे. तो हौसेनं सांगायला लागला.

"चाचा, डिझेल इंजिन जुन्या काळातच कुणीतरी बसवलंय. काम एकदम कडक. मी फक्त एक रबर बदललं. आणि हे बघा, पट्टीवर ७८६ ठोकलंय. आधीचा मालक तुमच्यातला असणार." मग तो हसला. "रंग मारताना ग्राइंडर लावून काढणार होतो मी ते. मित्र म्हणाले, कशाला ठेवतोस. पण वेल्डर म्हणाला, पट्टी पातळ होईल. म्हणून राहू दिलं, वरनं रंग मारला."

माझा हात तसाच राहिला. मला काय वाटलं हे मी लपवत नाही. गेल्या काही वर्षांत कान इतके तयार झालेत, की 'कशाला ठेवतोस' या दोन शब्दांत आपल्याला पुष्कळ काही ऐकू येतं. कोणाच्या दुकानातून घ्यायचं, कोणाच्या गॅरेजात गाडी लावायची, याचे मेसेज आपणही वाचलेले असतात. मी तोंड उघडणार तेवढ्यात अब्बा सरळ उभे राहिले.

"बरं क्येलंस," ते म्हणाले. "आठ एमएमची पट्टी हाय ती, उसाच्या ट्रॉलीच्या चासीची. पातळ केली अस्तीस तर एखाद्या खड्ड्यात तुटली असती आन् पंखा रेडिएटरमदी गेला असता."

पोरगा त्यांच्याकडे बघायला लागला. "ट्रॉलीची हाय हे कसं कळलं तुम्हाला?"

"दिसतंय की," अब्बा म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

परत येताना ८०० मी चालवत होतो. गेटच्या बाहेर पडल्या पडल्या मी विचारलं, की ती जीप तुमच्या हातची ना? त्यांनी मान हलवली. म्हणाले, ती एका पाटलांची होती, ऊस तोडणीचे मजूर वाहायची आणि चैत्रात जोतिबाला जायची. म्हणजे पोराचा अंदाज चुकला होता. आधीचा मालक 'आमच्यातला' नव्हता.

मग सांगितलं का नाही? त्या पोराला कळायला हवं होतं, की तो ज्याच्यावर ग्राइंडर मारणार होता ते कुणाचं काम आहे. मी जरा चिडूनच बोललो. मला त्या जीपवरची ती अक्षरंही आठवत होती. १९४५ मध्ये ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. ते गेले, त्यांचं नाव निघालं, यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण जे गेले नाहीत, ज्यांनी इथंच गाडीखाली आडवं पडून आयुष्य काढलं, त्यांचं नाव कुठे लिहिलं आहे? आरसी बुकात मालकाचं नाव असतं, इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो. मिस्त्रीचा रकाना नसतो. हे सगळं मी अब्बांना ऐकवलं. आमच्या घरापासून मुख्य रस्ता दोन किलोमीटर आहे, तेवढ्यात माझं भाषण संपलं.

अब्बा म्हणाले, "वो नाम नै था रे. वो ग्यारंटी थी."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तेव्हा फौंडेशनची कामं करणारे मिस्त्री पुष्कळ होते. पट्टी तुटली की मालक जवळच्या गॅरेजात जायचा आणि ज्यानं आधी काम केलं त्याच्या नावानं ओरडायचा. खरं काम कुणाचं हे कळायचं नाही. अब्बांच्या उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं, की आपल्या पट्टीवर आपली खूण ठोकत जा. खूण असेल आणि पट्टी तुटली असेल तर फुकटात करून द्यायची, वेल्डिंगच्या काडीचेही पैसे घ्यायचे नाहीत. दिलेला शब्द एवढाच. मग खूण म्हणून ७८६ का? यावर ते जरा हसले. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज म्हणून आपल्याकडे लोक हा आकडा लिहितात, काही मौलानांना ते मान्य नाही. अब्बांना त्या वादात पडायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं, की अल्लाहच्या नावाचा आकडा एकदा ठोकला की मग वेल्डिंग आतून पोकळ ठेवायची हिंमत होत नाही.

"आणि त्या पोरानं ग्राइंडर का नाही मारला?" त्यांनीच विचारलं. "पट्टी मजबूत राहायला पाहिजे म्हणून. बस, मला तेवढंच बघायचं होतं. छत्तीस वर्षं झाली. धरलंय अजून."

मी गप्प बसलो. माझा राग खोटा होता असं मला आजही वाटत नाही. 'कशाला ठेवतोस' म्हणणारे मित्र आहेत, आणि प्रत्येक वेळी पट्टी पातळ होईल असं सांगणारा वेल्डर भेटेलच असं नाही. पण त्या आकड्यांकडे बघताना मी आणि तो पोरगा, दोघंही एकच चूक करत होतो. आम्हाला दोघांना त्यात फक्त धर्म दिसला. त्याला तो दुसऱ्याचा वाटला, मला आपला. त्यात एका मिस्त्रीनं अनोळखी माणसाच्या जिवाची घेतलेली जबाबदारी होती, ती ना त्यानं वाचली ना मी. आणि मी तर त्याच घरात वाढलो. शाळेत असताना पालक सभेला अब्बांच्या नखांतलं काळं ऑइल दिसू नये म्हणून त्यांना हात खिशात ठेवायला सांगणारा मुलगा मीच होतो.

संध्याकाळी मी माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली काढली. आकडे ठोकायच्या पंचांचा संच एका लाकडी ठोकळ्यात तसाच होता. नऊ पंच. सहाचाच पंच उलटा धरला की नऊ होतो, म्हणून दहावा लागत नाही. एक, दोन, तीन, चार, पाच आणि शून्य यांची डोकी जवळजवळ नवी. सहा, सात आणि आठ यांची डोकी हातोडीचे घाव खाऊन छत्रीसारखी चेपून पसरलेली. त्यांनी हिशेब ठेवला नाही असं मी वर लिहिलं आहे. हिशेब इथं होता.

दोन आठवड्यांनी अब्बांचा फोन आला. "उस छोकरेकू बोल, डाव्या बाजूचं रबर बसलंय. बदल बोल, नै तो पट्टी पे मार आता." ग्रुपवरून मी त्या मुलाचा नंबर काढला. रबराचं लिहिलं. मग थोडा वेळ थांबून पुढं लिहिलं, की पट्टी कधी तुटलीच तर जीप कुंडलला घेऊन या. ती ज्यांनी बसवली ते मिस्त्री अजून आहेत, खुणेच्या कामाचे ते पैसे घेत नाहीत.

त्यानं वाचलं. दिवसभर उत्तर नव्हतं. रात्री आलं ते एवढंच, "कुठलं रबर घ्यायचं ते चाचांना विचारून सांगता का?"

अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, मॅटाडोरचंच घे म्हणावं, स्वस्तातलं नको, आणि बसवायला इथंच ये म्हणावं, दुसरा कुणी उलटं बसवेल.

८००ची मुदत यंदा संपते. दहा हजारांची फी आणि वरचा कर मी बाजूला काढून ठेवला आहे. आरटीओत जायच्या आधी अब्बांना तिचं फौंडेशन एकदा बघायचं आहे. बॅटरी धरायला मी रविवारी जाणार आहे.